आठ दिवसांपूर्वी आजी कशा होत्या?

ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात जो रुग्ण सर्वांत कमी आवाज करतो, तो बहुधा वयाने सर्वांत मोठा असतो. दुचाकीवरून पडलेला तरुण ओरडतो, साप चावलेल्याभोवती अख्खी वाडी जमते, बाळंतकळा सुरू झालेल्या बाईसाठी सिस्टर धावत पुढे येतात. आणि त्याच गडबडीत कोपऱ्यातल्या खाटेवर एखाद्या आजी पांघरूण ओढून, डोळे मिटून पडलेल्या असतात. सोबत आलेल्या शेजारणीला विचारले, तर ती सांगते, ‘कालपासून काय खावक नाय, नुसती पडान आसा.’ केस पेपरवर ‘अशक्तपणा’ एवढे लिहिले जाते, सलाईन लागते आणि लक्ष पुढच्या रुग्णाकडे वळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले, त्या काळात मला सर्वाधिक विचार करायला लावला तो या शांत खाटांनी. त्या ‘अशक्तपणा’मागे कधी हृदयविकाराचा झटका निघे, कधी मूत्रमार्गातून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, कधी रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलेले असे, तर कधी महिन्यापूर्वी अंगणात घसरून पडल्यामुळे मेंदूभोवती साकळत गेलेले रक्त.

आमच्या भागात हा प्रश्न जास्त ठळक दिसतो, त्याला कारण आहे. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. कमावत्या वयाचा पुरुष मुंबईला गेलेला असतो, हे त्या आकड्यांचे मुख्य स्पष्टीकरण आहे. आता मुलीही शिकून पुण्या-मुंबईला, गोव्याला जातात. गणपतीत आणि शिमग्याला घरे भरतात. उरलेले वर्षभर त्या घरांत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे राहतात, एकेकटी किंवा जोडीने. देशाचे चित्रही फार वेगळे नाही. त्याच जनगणनेनुसार भारतात साठीच्या पुढची माणसे सुमारे १०.४ कोटी होती आणि त्यांतली सात कोटींहून अधिक खेड्यांत राहत होती. कोकणात मात्र या आकड्यांचा अर्थ रात्री अकरा वाजता कळतो, जेव्हा आजींना रिक्षातून आणणाऱ्या माणसाला त्यांचे वय, त्यांच्या गोळ्या आणि त्यांचे आजार यांतले काहीच ठाऊक नसते.

तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय ही आपल्या आरोग्यव्यवस्थेतली फार महत्त्वाची पायरी आहे, असे मी मनापासून मानतो. परंतु तिथल्या तातडीच्या सेवेची घडी ज्या आजारांना डोळ्यांसमोर ठेवून बसली, ते आजार प्रामुख्याने बायकामुलांचे आणि कष्टकरी वयातल्या माणसांचे होते: अडलेली बाळंतपणे, सर्पदंश, विंचूदंश, जुलाब-उलट्या, भातलावणीच्या दिवसांतला लेप्टोस्पायरोसिस. या लढाईत कोकणाने मोठे काम केले आहे. विंचवाच्या दंशाने मुले दगावत होती, तेव्हा महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून त्या विषाचा हृदयावरचा परिणाम समजून घेतला आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध त्यावर उपयोगी पडते, हे दाखवून दिले. मला या गोष्टीतले उशाशी बसणे फार मोलाचे वाटते. तेच प्राझोसिन आज म्हाताऱ्या पुरुषांना रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटच्या त्रासासाठी दिलेले आढळते, आणि पहिल्याच गोळीनंतर रात्री लघवीला उठताना रक्तदाब एकदम उतरून आजोबा कोसळू शकतात. जे औषध एका वयाला जीवदान देते, ते दुसऱ्या वयात अपघात विभागाची वाट दाखवू शकते. म्हाताऱ्या माणसाच्या उशाशीही तितकेच बसावे लागते, ते यासाठी.

म्हातारपणात आजार आपली नेहमीची खूण दाखवीलच, असे नसते. छातीत कळ येऊन डावा हात दुखणे, हे हृदयविकाराचे जे चित्र सर्वांच्या मनात पक्के बसले आहे, ते मधुमेह असलेल्या ऐंशी वर्षांच्या बाईत उमटेलच असे नाही. तिला नुसता घाम फुटतो, दम लागतो किंवा पोटात मळमळते, आणि घरची माणसे सोडा-लिंबू देऊन वाट पाहतात. न्यूमोनियात पुष्कळदा ताप येत नाही, कारण वृद्ध शरीराचे तापमान मुळातच कमी असते आणि आजारात ते थोडेसेच चढते. थर्मामीटर पाहून आपण निर्धास्त होतो, आणि दर मिनिटाला तीस श्वास चालले आहेत हे मोजायचे राहून जाते. आतडे फुटले तरी पोट दगडासारखे कडक होतेच असे नाही. म्हणून अशक्तपणा, भूक जाणे, पडणे, असंबद्ध बोलणे आणि अंथरुणात लघवी होऊ लागणे, या पाचांपैकी कोणतीही तक्रार घेऊन आलेल्या वृद्धाचा ईसीजी काढल्यावाचून, साखर, श्वास आणि ऑक्सिजन मोजल्यावाचून त्याला घरी पाठवू नये, असे मी नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगत असे. यांतली कोणतीही तपासणी महाग नाही आणि तिला फारसा वेळही लागत नाही.

साखरेची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या कॅलेंडरशी जोडलेली आहे. आषाढी-कार्तिकी एकादशी, श्रावणातले सोमवार, चातुर्मासातले नेम, हे आमच्या भागातली वृद्ध माणसे श्रद्धेने पाळतात आणि ‘गोळी चुकवू नका’ हा डॉक्टरांचा शब्दही तितक्याच श्रद्धेने पाळतात. उपवासाच्या दिवशी पोटात जेमतेम चहा आणि मूठभर वऱ्या असतात, आणि ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची, साखर उतरवणारी गोळी मात्र नेहमीसारखी घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी उठत नाहीत, एक हात हलवत नाहीत, आणि घरचे म्हणतात, अर्धांगवायू झाला. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पाहिले, तर साखर चाळीसच्याही खाली असते. शिरेतून ग्लुकोज दिले की काही मिनिटांत त्या डोळे उघडतात, नाव सांगतात, आणि आणणाऱ्यांच्या दृष्टीने चमत्कार होऊन प्रश्न संपतो. प्रत्यक्षात धोका तिथे संपत नाही. या गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो, वयामुळे मूत्रपिंडे मंदावलेली असली तर आणखी टिकतो, आणि दिलेले ग्लुकोज वापरून झाले की साखर पुन्हा खाली घसरते. अशा रुग्णाला निदान एक दिवस तरी निगराणीखाली ठेवावे लागते. ‘आता बऱ्या झाल्या, गाडी खाली उभी आहे, नेतो’ असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना थांबवण्यासाठी मी जितके बोललो आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कशासाठी बोललो असेन.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो बरळण्याबद्दल. परवापर्यंत शेजारच्या देवळात जाऊन येणारे आजोबा आज सायंकाळपासून मुलाला ओळखत नाहीत, भिंतीवर किडे चालताना पाहतात, हातातली सुई उपटून टाकतात. काहींना ही बाधा वाटते, आणि पहिला दिवस गाऱ्हाणी घालण्यात जातो. काहींना हे म्हातारचळ वाटते, आणि त्यावर इलाज नाही असे ते धरून चालतात. पण स्मृतिभ्रंश महिन्या-महिन्यांनी, वर्षा-वर्षांनी येतो. एका सायंकाळी येत नाही. दोन दिवसांत आलेला आणि दिवसातून कमी-जास्त होणारा गोंधळ हा मेंदूने शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी बिघाडाची दिलेली वर्दी असतो. त्याला वैद्यकात ‘डिलिरियम’ म्हणतात, आणि त्याचे कारण पुष्कळदा अगदी साधे असते. प्रोस्टेटमुळे तुंबलेली लघवी हे त्यांतले एक. ओटीपोटावर हात ठेवला की बेंबीपर्यंत आलेले मूत्राशय हाताला लागते, नळी घालून लघवी मोकळी केली की आजोबा शांत होतात, आणि पुढे एक-दोन दिवसांत पुष्कळसे पूर्ववत होतात. ओरडणाऱ्या माणसाला झोपेचे इंजेक्शन देण्याचा मोह रात्रीच्या पाळीत प्रत्येकाला होतो, आणि शेजारच्या खाटांवरचे नातेवाईकही तोच आग्रह धरतात. परंतु त्या इंजेक्शनाने गोंधळ वाढू शकतो, श्वास मंदावू शकतो आणि मूळ कारण झाकले जाते.

तरीही ओरडणाऱ्या रुग्णाकडे निदान कोणी तरी पाहते. डिलिरियमचा दुसरा प्रकार शांत असतो. माणूस बोलत नाही, डोळे उघडून पुन्हा मिटतो, चमच्याने दिलेले पाणी ओठांतून ओघळते. त्याला सगळे ‘झोप लागली आहे, लागू दे’ असे म्हणतात. कोपऱ्यातल्या ज्या आजींपासून मी सुरुवात केली, त्यांच्यासारख्यांना पुष्कळदा हेच झालेले असते. अशा माणसाला हलवून जागे करावे, आठवड्याचे वार शनिवारपासून उलट्या क्रमाने विचारावेत, आणि तीन वारांनंतर तो हरवला तर सावध व्हावे. अक्षरओळख नसलेल्या आजींनाही ही चाचणी चालते, कारण आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो, ते त्यांना पक्के माहीत असते.

पण हे हरवणे आजचे आहे की दोन वर्षांपूर्वीचे, हे कोण सांगणार? इथेच सगळे घोडे अडते. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न मला विचाराल तर तो हा आहे: आठ दिवसांपूर्वी त्या कशा होत्या? स्वतः उठून मागल्या दारी जात होत्या का, स्वतःची पेज शिजवत होत्या का, पैसे मोजत होत्या का, नातवाचे नाव बरोबर घेत होत्या का? आठ दिवसांपूर्वी परड्यातली फुले काढून आणणारी बाई आज खाटेवरून उठत नसेल, तर ते वय नव्हे. वय आठ दिवसांत येत नाही. उलट, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत तेच लक्षण वेगळ्या अर्थाने वाचावे लागते. या एका उत्तरावर रुग्णाला पुढे पाठवायचे की इथेच ठेवायचे, नळी घालायची की वाट पाहायची, हे सारे अवलंबून असते, आणि हे उत्तर देणारे यंत्र कोणत्याही रुग्णालयात नाही.

ते उत्तर कोणाकडे असते, याचा शोध घेताना मी पुष्कळ शिकलो. मुंबईच्या मुलाला फोन लावला, तर तो कळवळून बोलतो, पण ‘रविवारी फोनवर आई नीट बोलली होती’ यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही, आणि फोनवर आई नेहमीच नीट बोलते. खरी माहिती असते ती दूध घालायला येणाऱ्या बाईकडे, शेजारच्या घरातल्या शाळकरी मुलीकडे, रेशन दुकानदाराकडे आणि सर्वांत जास्त आशाताईंकडे. एका आजींचा गोंधळ नेमका कधी सुरू झाला, हे आम्हाला त्यांच्या शेजारच्या मुलीने सांगितले. आजी तिला रोज सायंकाळी दिवा लावायच्या वेळी हाक मारत, आणि तीन सायंकाळी हाक आली नव्हती. त्या एका वाक्यावरून आम्ही औषधांकडे वळलो. रक्तदाबाच्या जोडगोळीत लघवी वाढवणारे थायझाइड होते, कोणी तरी ‘मीठ बंद’ सांगितल्यामुळे त्या अळणी पेज पीत होत्या, आणि मध्ये दोन दिवस जुलाब झाले होते. आमच्याकडे सोडियमची तपासणी रात्री होत नसे. जिल्हा रुग्णालयात ती झाली, आणि सोडियम फार उतरलेले निघाले. ते सावकाश वाढवल्यावर आजी परत हाक मारू लागल्या, असे त्या मुलीनेच येऊन सांगितले.

औषधांची पिशवी हा या कामातला दुसरा मोठा साक्षीदार. ‘गोळ्या कोणत्या चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘एक लाल, एक बारीक पांढरी’ असे उत्तर येते, आणि पिशवी आणवली तरी पाकिटे अशी कातरलेली असतात की, औषधाचे नाव निम्मेच वाचता येते. त्यात दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिलेले एकच औषध सापडते, गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या दुखायच्या गोळ्या सापडतात आणि कधी कागदाच्या पुडीत ती निनावी पावडर सापडते, जिने गुडघे ‘एकदम मोकळे’ होतात, कारण तिच्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेले असते. दुखायच्या गोळ्यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि मग काळी शी होते. स्टेरॉइडची पावडर अचानक थांबवली, तर रक्तदाब कोसळू शकतो. या दोन्ही गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही. पिशवी खाटेवर ओतून एकेक पाकीट हातात घेऊन पाहिल्यावाचून त्या कळत नाहीत.

पडलेल्या माणसाची वेदना मात्र लपत नाही, फक्त तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही. पाय आखूड झालेला आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसला, की खुबा मोडला आहे हे दारातूनच कळते. या अस्थिभंगाची शस्त्रक्रिया शक्य तो दोन दिवसांच्या आत व्हावी, असे शास्त्र सांगते, कारण अंथरुणावरच्या प्रत्येक दिवसागणिक न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि शिरेत रक्त गोठणे यांचा धोका वाढत जातो. आमच्याकडे हे दोन दिवस कसे जातात, ते मी पाहिले आहे: पहिला लेप लावण्यात, दुसरा मुंबईहून मुलगा येण्याची वाट पाहण्यात. म्हाताऱ्या माणसाला वेदनाशामक द्यायला डॉक्टरही बिचकतात. पण मोडलेल्या हाडावर घाटातली वळणे सोसायला लावणे हे औषधाच्या जोखमीपेक्षा पुष्कळ वाईट आहे, आणि योग्य मात्रेत, श्वासावर लक्ष ठेवून ते देता येते.

पुढे पाठवणे ही स्वतःच एक मोठी गोष्ट आहे. २०१४ साली राज्यात ९३७ गाड्यांनिशी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली आणि तिने खेड्यांतले असंख्य जीव वाचवले, याबद्दल दुमत नसावे. तरीही आमच्या टोकाच्या तालुक्यांतून मोठे रुग्णालय दूरच राहते. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे लोक बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात जातात, वैभववाडी-कणकवलीकडचे घाट चढून कोल्हापूरला. आता सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आहेत, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. गाडी मिळाली तरी सोबत कोण जाणार, हा प्रश्न उरतो. शेजारणीच्या घरी गुरे असतात, तिचा नवरा बोटीवर असतो. नातेवाईक नाही म्हणून गाडी थांबलेली मी पाहिली आहे, आणि अशा वेळी पोलीस पाटील किंवा सरपंच स्वतः गाडीत बसून गेलेलेही पाहिले आहेत.

पैशांची बाजू पूर्वीपेक्षा सुधारली आहे, हे सांगायलाच हवे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. वृद्धांच्या आरोग्यसेवेसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम तर २०१०-११पासून आहे, आणि त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष अभिप्रेत आहे. या सर्व योजना आवश्यक आहेत. पण त्या बहुतेक दिवसाच्या उजेडातल्या आहेत, बाह्यरुग्ण विभागाच्या आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांच्या आहेत. रात्रीच्या अपघात विभागात एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय, असतात. तिथे वृद्धांसाठी वेगळे असे काय असते? बहुतेक ठिकाणी काहीच नसते. गादी पातळ असते, खाट उंच असते, शौचालय लांब आणि ओले असते, आणि चष्मा व कवळी घाईत घरीच राहिलेली असते.

ऐकू न येणाऱ्या आजोबांशी त्यांच्या मुलाने बोलायचे आणि डॉक्टरांनी मुलाशी बोलायचे, ही आपल्याकडची रीत मला फार खुपते. स्टेथोस्कोप त्यांच्या कानांना लावून त्याच्या दुसऱ्या टोकाशी हळू बोलले, तर त्यांना पुष्कळदा स्वच्छ ऐकू येते. एकदा तसे विचारल्यावर एक आजोबा स्पष्ट म्हणाले होते, ‘माका बांबोळीक नको. हयच काय ता करा.’ त्यांचा आजार शेवटच्या टप्प्यावरचा होता, आणि सगळे कुटुंब गाडी बोलावण्याच्या तयारीत होते. त्यांना इथेच ठेवून दम कमी करण्याची औषधे देण्याचा निर्णय आम्ही कुटुंबासह बसून घेतला. दुसरीकडे, ‘आता किती खर्च करायचा, वय झाला’ असे म्हणणाऱ्या घरातल्या आजींनी माझा हात धरून ‘माका बरा कर’ असे सांगितल्याचेही मला आठवते, आणि त्यांचा आजार पूर्ण बरा होण्यासारखा होता. दोन्ही वेळी निर्णय बदलला तो खाटेवरच्या माणसाला विचारल्यामुळे.

आठ दिवसांपूर्वीची जी माहिती रात्री अकरा वाजता आम्ही फोनवर फोन लावून गोळा करतो, तिचा बराचसा भाग गावात आधीच लिहिलेला असतो. तीस वर्षांवरच्या माणसांसाठी आशाताई जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरतो का. नेमके हेच आम्हाला हवे असते. तो फॉर्म भरून होतो, वर पाठवला जातो, आणि अपघात विभागाच्या टेबलापर्यंत मात्र कधी पोहोचत नाही. त्याची एक प्रत, तारीख घालून, आजींच्या औषधांच्या पिशवीत ठेवावी आणि वर्षातून दोनदा बदलावी, त्यावर शेजारच्या घराचा फोन नंबर लिहावा, आणि चतुर्थीला घरी येणाऱ्या मुलांनी ती पिशवी एकदा उघडून पाहावी, एवढे आमच्या तालुक्यात तरी व्हावे यासाठी मी आशाताईंच्या मासिक बैठकीत बोललो आहे. काही वाड्यांत त्यांनी ते सुरूही केले आहे.